बखर नको, अस्सल कागद

जळगाव

चि. ताईस,


तुझं पत्र मिळालं, आणि सोबत पाठवलेली रेकफाइलही मी सावकाश वाचली. गावोगाव जाऊन, माणसांच्या तोंडचे शब्द टिपून अहिराणीचा कोश करायचं तू मनावर घेतलंस, याने माझा ऊर भरून आला. त्याबद्दल धुळ्याला आलो की समोर बसून बोलू. आज फक्त तुझ्या रेकफाइलीतल्या, म्हणजे कोशाची पानं बांधायला ‘रेक’ या साधनाला रूबी भाषेत दिलेल्या सूचनांतल्या, तिसऱ्या ओळीबद्दल लिहितो.

तू लिहितेस, "मामा, आधी टर्मिनलवर कमांडींचा नुसता पूर यायचा. आता बघा किती स्वच्छ दिसतं." तिसऱ्या ओळीत ‘व्हर्बोस(फॉल्स)’ टाकून तू तो पूर बंद केलास आणि त्याच्या जागी सुबक मराठी वाक्यं छापलीस: ‘शब्द गोळा होत आहेत’, ‘पाने तयार होत आहेत’, ‘कोश तयार झाला’. पडदा देखणा झाला हे खरं. तरी ती ओळ काढून टाक, असं मी तुला सांगणार आहे. आणि मोठ्यांनी सांगितलं एवढ्यावरून तू ते ऐकू नयेस, म्हणून कारणंही देणार आहे. (कमांडी मी जशा तोंडाने म्हणतो तशा देवनागरीत लिहितो आहे. टंकताना तू त्या नेहमीसारख्या इंग्रजीत टंक.)

तुझ्या आजीची एक सवय तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस. आम्ही पोरं धाब्यावर असू, ओट्यावर असू नाहीतर मागच्या गोठ्यात, ती चुलीपुढून हाक द्यायची, "काय करी ऱ्हायना रे?" आम्ही "काही नाही" म्हटलं की ती हातातलं काम टाकून उठून बघायला यायची. "झालं" म्हटलं तरी यायची. कंदिलाची काच पुसतोय, शेंगा फोडतोय, वासराला पाणी दाखवतोय, असं नेमकं काम सांगितलं तरच ती भाकरीकडे वळायची. आणि सांगायचं ते काम करता करता. उरकल्यावर सांगितलेलं तिला पटत नसे. कंदिलाची काच फुटल्यावर कळून तिला काय उपयोग?

रेकमधलं ‘एसएच’ आजीच्या या प्रश्नाचं उत्तर न विचारताच देतं. तू त्याला एक कमांड देतेस. शेलच्या हाती सोपवण्याआधी ते ती पडद्यावर लिहितं, मगच चालवतं. पडद्यावर येते ती तू फाइलीत टंकलेली ओळ नसते, हे नीट ध्यानात घे. तुझी सगळी व्हेरिएबल भरून झाल्यावर शेलला प्रत्यक्षात जी ओळ मिळणार, ती तिथे दिसते. फाइलीत तू ‘तालुका’ एवढंच लिहिलेलं असतं. पडद्यावर त्या जागी साक्री, शिरपूर, शिंदखेडा दिसतं. किंवा काहीच दिसत नाही, आणि ते न दिसणंच सगळ्यांत मोलाचं असतं. फोल्डर बनवणं, फाइल हलवणं, पुसणं यांसाठी रेक स्वतःच्या ज्या पद्धती देतं, त्याही मुळात अशाच बोलक्या असतात. आपण तोंडावर हात ठेवला तरच त्या गप्प होतात.

असा हात मी एकदा ठेवला होता. ते तुला सांगायलाच हवं. घरात मी हे फारसं बोललेलो नाही.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. एका साप्ताहिकाचे जुने अंक संगणकावर आणायचं काम माझ्याकडे होतं. अंक स्कॅन करून सीड्यांवर ठेवलेले. त्यांवरून वेबपानं बनायची आणि ‘पब्लिक/अंक’ या फोल्डरात सालवार लागायची. एखाद्या सालाची पानं पुन्हा करायची असली की रेकला कमांडलाइनवर ‘साल=२००४’ असं सांगायचं; ते आधी त्या सालाचं जुनं फोल्डर पुसणार आणि मग नवं मांडणार. पुसायची कमांड होती ‘आरएम -आरएफ पब्लिक/अंक/’ आणि तिला जोडून साल. माझ्याही रेकफाइलीत वरच्या बाजूला तुझ्यासारखीच ‘व्हर्बोस(फॉल्स)’ होती. काम पाहायला लोक यायचे, त्यांच्यासमोर पडदा नीटनेटका दिसावा म्हणून मीच टाकलेली.

एका संध्याकाळी मी ‘साल’ हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांऐवजी छोट्या अक्षरांत टंकला. रेकने तो निमूट घेतला, कारण त्या नावाचंही व्हेरिएबल असू शकतं. माझा कोड मात्र मोठ्या अक्षरांतलं साल शोधत होता. ते सापडलं नाही. आणि रूबीत ‘काहीच नाही’ ही किंमत एखाद्या वाक्यात गुंफली तर तक्रार होत नाही, त्या जागी रिकामपण उरतं. शेलला मिळालेली कमांड होती ‘आरएम -आरएफ पब्लिक/अंक/’. पुढे साल नाही. सगळ्या सालांची सगळी पानं गेली. पडद्यावर माझं स्वतःचं वाक्य आलं, ‘जुनी पाने काढली.’ पुढची पायरी नाव नसलेल्या सालाचे स्कॅन शोधायला गेली, तिला एकही मिळाला नाही, म्हणून तिने एकही पान केलं नाही आणि तीही सुरळीत संपली. ‘काम पूर्ण.’ मी संगणक बंद करून घरी गेलो.

रात्री दोन वाजता ठरलेलं काम आपोआप चाललं. इथली पानं सर्व्हरवर उतरवणारं ‘आरसिंक’, आणि त्याला ‘--डिलीट’. इथे जे नाही ते सर्व्हरवरूनही काढून टाक, असा त्या डिलीटचा अर्थ. त्याने सांगितलेलं केलं.

सीड्यांवरून सगळं पुन्हा उभं करायला दोन महिने गेले. दोन सालांच्या सीड्या वाचताच आल्या नाहीत. कागदी अंक कुणाकडे उरले असतील म्हणून जुन्या वर्गणीदारांच्या घरोघर हिंडलो. एरंडोलला काही मिळाले, पारोळ्याला काही, बाकीचे रद्दीत गेले होते. ती दोन सालं अपुरीच राहिली, आणि आता ती पुरी होणार नाहीत.

एसएच बोलत असतं तर पुसणं थांबलं असतं का? नाही. ओळ दिसते न दिसते तोच कमांड सुरू होते. पण संध्याकाळी सहा ते रात्री दोन असे आठ तास सर्व्हरवरची प्रत शाबूत होती. तिरप्या रेघेपुढे काहीच नाही हे मी खुर्चीतून उठता उठता पाहिलं असतं आणि रात्रीचं काम बंद करून ठेवलं असतं. त्या आठ तासांची किंमत दोन सालं. म्हणून तुला पहिलं सांगणं: कमांडलाइनवरून येणारी किंमत ‘ईएनव्ही’मधून थेट उचलू नकोस, ‘ईएनव्ही.फेच’ने माग. किंमत नसेल तर फेच तिथेच चूक दाखवून थांबतं. तुझ्या फाइलीत ‘तालुका’ अगदी माझ्या ‘साल’सारखाच उचललेला आहे. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आता तुझ्या त्या सुबक वाक्यांबद्दल.

तू धुळ्यात शिकतेस, तर राजवाडे संशोधन मंडळात गेली असशीलच. नसशील तर या आठवड्यात जा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी तुझ्या त्या धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाने उभं राहिलेलं हे मंडळ त्यांनी जमवलेले कागद सांभाळून आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे खंड झाले एकूण २२. पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची. तोवर पानिपत लोकांना माहीत होतं ते मुख्यतः बखरींतून. बखर वाचायला रसाळ असते, ओघवती असते, प्रसंग डोळ्यांपुढे उभा करते. पण ती पुष्कळदा घटना होऊन गेल्यावर, ऐकीव माहितीवर, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. तिथी चुकतात, माणसं भलत्या ठिकाणी जाऊन पोचतात. राजवाड्यांनी त्या खंडाच्या लांबलचक प्रस्तावनेत बखरींची उलटतपासणीच घेतली आणि त्यांच्यासमोर त्या त्या दिवशी लिहिलेली अस्सल पत्रं मांडली. त्या पत्रांची भाषा ओबडधोबड आहे. हिशेब आहेत, निरोप आहेत, कुठे काय कमी पडलं याच्या याद्या आहेत. पण ज्याने लिहिलं तो त्या दिवशी तिथे होता.

‘पाने तयार होत आहेत’ ही बखर आहे, ताई. तू ते वाक्य महिन्याभरापूर्वी लिहिलंस, कोड लिहिताना, पुढे काय व्हायला हवं याच्या कल्पनेवरून. आज प्रत्यक्षात काय होतंय याच्याशी त्याचा संबंध नाही. पानं झाली नाहीत तरी ते वाक्य छापलंच जाईल. ‘पॅनडॉक शब्द/साक्री.एमडी -ओ पाने/साक्री.एचटीएमएल’ ही शब्दांच्या फाइलीचं वेबपान करणारी ओबडधोबड ओळ मात्र अस्सल कागद आहे, कारण ती त्या क्षणी, त्या कामाच्या हातची आहे. तुझी मराठी वाक्यं ठेवायची तर खुशाल ठेव, मला आवडली. पण बखर ठेवायची म्हणून दप्तर जाळायचं नाही.

कमांड आधी छापायची ही रीत रेकने काढलेली नाही, ती जुनी आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिलं. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एक दिवस वैतागून त्यांच्याकडे आले होते. प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त झालेली होती, पण दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. त्यामुळे नसलेली चूक शोधण्यात त्यांची सगळी सकाळ गेली. त्या वैतागातून मेक जन्माला आलं. यंत्राने काय केलं आणि काय केलं नाही हे माणसाला कळत नाही, हेच मूळ दुखणं. त्यामुळे मेक प्रत्येक कमांड चालवण्याआधी छापतं याचं मला नवल वाटत नाही. एखादी ओळ दिसायला नको असेल तर तिच्याआधी ‘ॲट’ची खूण टाकायची. बोलणं हा नियम आणि गप्प राहणं हा त्या एका ओळीपुरता अपवाद. शेलमध्येही ‘सेट -एक्स’ म्हटलं की प्रत्येक कमांड अधिक चिन्हामागून छापली जाते. जिम वायरिक यांनी मेकचं हे रूबीतलं भावंड लिहिलं तेव्हा एसएचला हाच स्वभाव दिला. रेक करायचा त्यांचा आधी बेतही नव्हता. मेकफाइलीत रूबी लिहिता आली तर किती बरं, अशा गप्पांतून ते झालं आणि पुढे रूबीच्या १.९ आवृत्तीपासून तिच्यासोबतच येऊ लागलं. वायरिक २०१४ च्या फेब्रुवारीत गेले. आपण त्यांचं साधन रोज वापरतो, तर त्यांनी दिलेला स्वभाव विनाकारण मोडू नये असं मला वाटतं.

तू विचारलं आहेस, पिंपळनेरचं पान का येत नाही? बाकी सगळी येतात, तेवढंच नाही, आणि चूकही दिसत नाही. तुझ्या फाइलीचं नाव आहे ‘पिंपळनेर परिसर’. मध्ये मोकळी जागा. तू सगळी कमांड एकाच ओळीत जोडून देतेस, आणि शेलला मोकळी जागा दिसली की तो तिथे शब्द तोडतो. पॅनडॉकला दोन फाइली मागितल्यासारखं झालं, ‘पिंपळनेर’ आणि ‘परिसर.एमडी’, आणि दोन्ही नाहीत. पॅनडॉकने तक्रार केलीच असणार. पण तू चुकांचा प्रवाह ‘डेव्ह/नल’कडे, म्हणजे सगळं गिळणाऱ्या खड्ड्याकडे, वळवून ठेवला आहेस, तोही पडदा स्वच्छ दिसावा म्हणून. शिवाय ती कमांड एसएचने नाही, ‘सिस्टिम’ने चालवली आहेस. सिस्टिम जमलं-फसलं एवढं उत्तर हातात ठेवतं. काय चालवलं ते सांगत नाही, आणि फसलं तरी पुढच्या ओळीवर निघून जातं. तू ते उत्तर तपासलं नाहीस. एसएच असतं तर कमांड दिसली असती, आणि फसल्याबरोबर ‘रेक अबॉर्टेड’ म्हणून काम तिथेच थांबलं असतं. तीन पांघरुणं एकावर एक घातलीस, आणि त्यांच्याखाली पिंपळनेर गेलं. तिथल्या म्हातारीने सांगितलेले शब्द तुझ्या कोशात नाहीत, आणि तुझा पडदा म्हणतो, ‘कोश तयार झाला.’

उपाय दोन. कमांडीचे भाग सुटे करून एसएचला दे: पॅनडॉक वेगळं, फाइलीचं नाव वेगळं, बाकीचं वेगळं. मग मध्ये शेल येत नाही आणि नाव तुटत नाही. मात्र एक बारकावा ध्यानात ठेव. असे सुटे भाग दिलेस तरी रेक छापताना ते मोकळ्या जागेने जोडूनच छापतं. म्हणजे तुटणारी ओळ आणि न तुटणारी ओळ पडद्यावर सारखीच दिसते, आणि ती उचलून टर्मिनलवर चिकटवलीस तर चालेलच असं नाही. अस्सल कागदही वाचता यावा लागतो. म्हणून दुसरा उपाय मला जास्त आवडतो: फाइलींच्या नावात मोकळी जागा ठेवूच नकोस, खालची रेघ दे. हा उपाय साधा आहे आणि तो विसरला जात नाही.

आता ज्या ठिकाणी गप्प राहणं योग्यच, त्याबद्दल. सर्व्हरवर पानं चढवायच्या कमांडीत तू पासवर्ड सरळ लिहिला आहेस. व्हर्बोस काढलंस की तो पडद्यावर येईल, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये मागे चार जण उभे असतात. कदाचित त्यासाठीच तू ती ओळ टाकलीस. तसं असेल तर तुझी काळजी रास्त आहे, उपाय चुकला. तेवढ्या एका कमांडीला ‘व्हर्बोस: फॉल्स’ देता येतं, किंवा तेवढाच भाग ‘व्हर्बोस(फॉल्स)’च्या ब्लॉकमध्ये ठेवता येतो. पण त्यावरही विसंबू नकोस. कमांड फसली की चुकीच्या निरोपात ती पुन्हा छापली जाते, सुरुवातीचा तुकडा तरी येतोच, आणि ‘--ट्रेस’ लावलेला असेल तर पूर्ण येते. एन्व्हायर्नमेंटमधून पासवर्ड द्यावा म्हणून तू एसएचला हॅश दिलास, तर रेक तो हॅशही किमतीसकट छापतं. आणि तू काहीही छापलं नाहीस तरी लिनक्सवर दुसरा माणूस चालू कामांची यादी काढून तुझी कमांड वाचू शकतो. म्हणून पासवर्ड कमांडीतच नको. एसएसएचची किल्ली बनव; ती जमेपर्यंत पानं माझ्याकडे पाठव, मी चढवीन. बाईच्या गळ्यातली पोत दिसू नये म्हणून घराचे सगळे दिवे मालवत नाहीत, पोत कपाटात ठेवतात.

आणखी एक गोष्ट, कारण तू मेक वापरलं आहेस आणि इथे फसशील. मेकला ‘-एन’ दिलं की ते कमांडी नुसत्या दाखवतं, चालवत नाही. रेकलाही ‘-एन’ आहे, पण ते कोणती टास्क कोणत्या क्रमाने लागणार एवढंच सांगतं. टास्कच्या पोटात शिरतच नाही, त्यामुळे आतल्या कमांडी तुला दिसणार नाहीत. त्या न चालवता पाहायच्या असतील तर रेकफाइलीत वर तात्पुरतं ‘नोराइट(ट्रू)’ लिही. मग एसएच कमांड छापेल आणि हात राखेल. पण हे फक्त रेकच्या पद्धतींना लागू. तुझ्या फाइलीतल्या चार ‘सिस्टिम’ त्याला जुमानणार नाहीत, त्या चालतीलच. आधी त्यांचं एसएच कर, मग नोराइट वापर. क्रम उलटा करू नकोस.

पुराबद्दल तुझी तक्रार उरतेच. दोनशे ओळी कोण वाचणार? पहिल्यांदा सगळा कोश बांधताना दोनशे येतील, हे मान्य. पण तू प्रत्येक वेळी सगळाच कोश नव्याने करतेस, तिथे गडबड आहे. ‘फाइल’ टास्क लिहिलीस तर शब्दांची फाइल पानापेक्षा नवी असेल तेवढंच पान रेक पुन्हा करेल. शिरपूरच्या यादीत दोन शब्द घातले तर पडद्यावर दोन-तीन ओळी येतील, आणि त्या वाचायला पाच सेकंद पुरतात. पूर आला की समजावं, काम जरुरीपेक्षा जास्त होतंय. मी तरी ती तक्रार रेकफाइलीच्या रचनेची धरीन, बोलण्याची नाही.

कधी खरोखर शांतता हवी असेल, समजा कुणाला दाखवायचं आहे, तर चालवताना ‘-क्यू’ दे. तेवढ्या वेळेपुरती शांतता मिळेल. फाइलीत ‘व्हर्बोस(फॉल्स)’ कोरून ठेवण्यात आणि यात फार फरक आहे. रेक आधी कमांडलाइनवरचे पर्याय वाचतं, नंतर रेकफाइल. आणि नंतर आलेला शब्द टिकतो. म्हणजे उद्या तुझी मैत्रीण हा कोश पुढे चालवायला घेईल, काहीतरी अडेल, ती बिचारी ‘-व्ही’ देऊन विचारेल की बाबा काय चाललंय ते सांग, आणि तुझी तिसरी ओळ तिला उत्तर मिळू देणार नाही. तू शिकून पुण्याला गेलेली असशील. मला हे कारण सगळ्यांत जड वाटतं. स्वतःपुरती शांतता घेणं निराळं आणि पुढच्या माणसाचा विचारायचा हक्क काढून घेणं निराळं.

दप्तर ठेवायचं असेल, आणि ठेवच, तर एवढं बघ: रेक कमांडी छापतं त्या चुकांच्या प्रवाहावर, साध्या प्रवाहावर नाही. नुसतं ‘रेक’ आणि पुढे मोठ्याचं चिन्ह देऊन लॉग फाइलीत वळवलास, तर तुझी बखर फाइलीत जाईल आणि अस्सल कागद पडद्यावरच राहतील. दोन्ही प्रवाह एकत्र वळव, आणि रेकफाइलीत वर ‘एसटीडीआउट.सिंक = ट्रू’ लिही, म्हणजे तुझी वाक्यं आणि कमांडी क्रमाने उतरतील. प्रत्येक लॉगच्या नावात तारीख घाल. माझ्याकडे त्या संध्याकाळचा लॉग असता तर सकाळी काय झालं हे शोधण्यात अख्खा दिवस गेला नसता.

तुझ्या आईला नमस्कार सांग. पिंपळनेरला पुन्हा जाशील तेव्हा त्या म्हातारीला तिचे शब्द छापून, वाचून दाखव.

आणि माझं एवढं ऐक: तिसरी ओळ आज काढ, डेव्ह/नल काढ, चारही सिस्टिमचं एसएच कर आणि एकदा सगळा कोश बांध. पडद्यावर जे येईल ते, पासवर्ड तेवढा वगळून, एकही ओळ न गाळता मला पाठव. मी शेवटपर्यंत वाचीन.

तुझा,
मामा